फंक्शनचे वैकल्पिक पॅरामीटर: न सांगितलेल्या गोष्टी कोण ठरवतं?

एक्सेलमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांनी व्हीलुकअप वापरलेलं असतं. त्याला चार गोष्टी देता येतात: काय शोधायचं, कुठल्या तक्त्यात, कितव्या रकान्यातून उत्तर आणायचं, आणि चौथी म्हणजे तंतोतंत जुळणारंच हवं की जवळचं चालेल. चौथी दिली नाही तरी फॉर्म्युला चालतो. पण मग एक्सेल ‘जवळचं चालेल’ असं धरतं, आणि पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला आहे असंही धरतं. यादी तशी लावलेली नसेल तर भलत्याच ओळीतला आकडा येऊन बसतो. अनेकदा एररसुद्धा येत नाही, आणि पगारपत्रकात एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा आकडा दिसतो. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सलुकअप आणलं, त्यात हे उलटं केलं: काही सांगितलं नाही तर तंतोतंत जुळणारंच शोधायचं.

फंक्शनला ज्या गोष्टी द्यायच्या त्यांना पॅरामीटर म्हणतात, आणि न देताही चालणाऱ्याला वैकल्पिक पॅरामीटर. त्याचा सगळा विषय इथे आहे. जो माणूस काहीच सांगत नाही, त्याच्या वतीने फंक्शन लिहिणारा एक निर्णय घेऊन ठेवतो. तो निर्णय कॉल करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो फार विचार करून घ्यायला हवा. व्याकरण पाच मिनिटांत शिकून होतं. वेळ द्यायचा तो निर्णयाला.

हा लेख पायथॉन धरून लिहिला आहे. इतर भाषांत काय वेगळं आहे ते शेवटाकडे येईल. कोडच्या ओळी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना डेफ, रिटर्न, इफ, नन, प्रिंट असे पायथॉनचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीत लिहा. तुम्ही ठेवलेली नावं मात्र देवनागरीत राहिली तरी चालतात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३पासून दंड, उशीर, सभासद ही नावं भाषेला मान्य आहेत.

उदाहरण एका वाचनालयाचं घेऊ. पुस्तक उशिरा परत आलं की दंड, वर्गणी भरली की पावती, आणि सभासदांची नोंद.

पहिली पायरी: आधी वैकल्पिक काहीच ठेवू नका

```
डेफ दंड(उशीर, दर, माफी_दिवस):
    मोजायचे = मॅक्स(उशीर - माफी_दिवस, ०)
    रिटर्न मोजायचे * दर
```

आता हे फंक्शन प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे कॉल होतं त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. दहापैकी नऊ ठिकाणी दर २ आणि माफी_दिवस ० असेल, तर त्या दोघांना डीफॉल्ट, म्हणजे काही न सांगितल्यास धरायची किंमत, द्यायला हरकत नाही. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा असेल तर डीफॉल्ट देऊ नका. ‘द्यावं लागू नये म्हणून’ दिलेला डीफॉल्ट पुढे कुणीतरी विसरलेला आकडा ठरतो, आणि विसरल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. अनिवार्य पॅरामीटर विसरला तर पायथॉन लगेच अडवतं. ती अडवणूक तुमच्या फायद्याची आहे, ती सहजासहजी सोडू नका.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ज्याला हा पॅरामीटर आहे हेच माहीत नाही, त्याला माझ्या डीफॉल्टने बरोबर उत्तर मिळेल का? व्हीलुकअप नेमकं या प्रश्नावर नापास होतं.

दुसरी पायरी: डीफॉल्ट लिहा

```
डेफ दंड(उशीर, दर=२, माफी_दिवस=०):
    मोजायचे = मॅक्स(उशीर - माफी_दिवस, ०)
    रिटर्न मोजायचे * दर

दंड(१०)                   # २०
दंड(१०, ५)                # ५०
दंड(१०, माफी_दिवस=३)      # १४
```

तिसऱ्या ओळीत दर मध्येच गाळला आहे. नाव घेऊन दिलं की मधले गाळता येतात, ही पायथॉनमधली मोठी सोय आहे. डीफॉल्ट नसलेले पॅरामीटर आधी आणि असलेले नंतर, हा क्रम पाळावाच लागतो. उलटं लिहिलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

आकड्यांची रांग देणाऱ्या पायथॉनच्या स्वतःच्या रेंजमध्ये मात्र वेगळं दिसतं. रेंज(५) म्हटलं की ५ हा शेवट असतो, आणि रेंज(२, ५) म्हटलं की पहिला आकडा सुरुवात होतो. म्हणजे तिथे वैकल्पिक गोष्ट आधी येते. रेंजला ते शोभतं, कारण ते सगळ्यांच्या बोटांत बसलेलं आहे. आपल्या फंक्शनमध्ये असं करू नये, वाचणारा दर वेळी अडखळतो.

तिसरी पायरी: डीफॉल्ट कधी ठरतो ते नीट समजून घ्या

इथे थोडं थांबू, कारण पायथॉनमधल्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. डेफची ओळ जेव्हा चालते, त्याच वेळी आणि एकदाच, बरोबर-चिन्हाच्या उजवीकडचं काढून फंक्शनजवळ ठेवलं जातं. नंतर हजार वेळा कॉल केलं तरी तीच ठेवलेली वस्तू वापरली जाते. २ किंवा ० असे आकडे असतील तर याने काही बिघडत नाही. आता हे बघा:

```
डेफ पुस्तक_द्या(पुस्तक, यादी=[]):
    यादी.अपेंड(पुस्तक)
    रिटर्न यादी

प्रिंट(पुस्तक_द्या('भूगोल'))     # ['भूगोल']
प्रिंट(पुस्तक_द्या('गणित'))      # ['भूगोल', 'गणित']
```

दुसरा कॉल दुसऱ्या सभासदासाठी होता. त्याने फक्त गणिताचं पुस्तक नेलं, तरी त्याच्या नावावर भूगोलही चढला. रिकामी यादी एकदाच तयार झाली आणि दोन्ही कॉलनी त्याच यादीत भर घातली. डोळ्यांनी खात्री करायची असेल तर फंक्शनला विचारा:

```
प्रिंट(पुस्तक_द्या.__डीफॉल्ट्स__)   # (['भूगोल', 'गणित'],)
```

नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेखा असलेल्या या खणात फंक्शनने जपून ठेवलेले डीफॉल्ट असतात. दोन कॉलच्या मध्ये ही ओळ टाकून चालवा. यादी वाढताना एकदा बघितली की हा नियम पाठ करावा लागत नाही.

यादी, डिक्शनरी, सेट यांच्याबद्दल बरेच जण सावध असतात. तारखेच्या बाबतीत मात्र फसतात:

```
डेफ पावती(नाव, रक्कम, तारीख=डेट.टुडे()):
    रिटर्न फॉरमॅट_पावती(नाव, रक्कम, तारीख)
```

सोमवारी सकाळी प्रोग्रॅम सुरू झाला की तारीख सोमवारची पक्की होते. प्रोग्रॅम बंद न करता आठवडाभर चालवला तर शुक्रवारच्या पावतीवरही सोमवारच छापला जातो. ही चूक लिहिणाऱ्याच्या मशीनवर सापडत नाही, कारण लिहिताना आपण दर दहा मिनिटांनी प्रोग्रॅम पुन्हा रन करतो. ती प्रत्यक्ष वापरात, दुसऱ्या दिवशी उघडी पडते.

तिसरा प्रकार याहून लपलेला असतो:

```
ठरलेला_दर = २

डेफ दंड(उशीर, दर=ठरलेला_दर):
    रिटर्न उशीर * दर

ठरलेला_दर = ५
दंड(१०)     # २०, ५० नाही
```

कार्यकारिणीने दर वाढवला, सेटिंग बदललं, तरी फंक्शन जुनाच दर धरून बसतं. दर त्याने डेफच्या वेळी उचलून ठेवला होता.

या तिन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. डीफॉल्ट म्हणून नन, म्हणजे पायथॉनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत, ठेवायचं आणि खरी किंमत फंक्शनच्या आत, कॉलच्या वेळी ठरवायची (खालचं नियम.दर म्हणजे सेटिंगमधला चालू दर):

```
डेफ पुस्तक_द्या(पुस्तक, यादी=नन):
    इफ यादी इज नन:
        यादी = []
    यादी.अपेंड(पुस्तक)
    रिटर्न यादी

डेफ दंड(उशीर, दर=नन, माफी_दिवस=०):
    इफ दर इज नन:
        दर = नियम.दर
    मोजायचे = मॅक्स(उशीर - माफी_दिवस, ०)
    रिटर्न मोजायचे * दर
```

एका पॅरामीटरचा डीफॉल्ट दुसऱ्यावर अवलंबून असेल तरीही हीच रीत वापरायची. उदाहरणार्थ, परतीची तारीख दिली नाही तर ती नेल्याच्या तारखेवरून काढायची असेल. पायथॉनमध्ये डीफॉल्टच्या जागी शेजारच्या पॅरामीटरचं नाव वापरता येत नाही, कारण डेफच्या वेळी त्याला किंमतच नसते.

कॉलच्या वेळी मोजला जाणारा डीफॉल्ट भाषेतच असावा, असा एक प्रस्ताव २०२१मध्ये पायथॉनसाठी मांडला गेला होता. तशी सोय भाषेत येईपर्यंत नन आणि दोन ओळी, हाच राजमार्ग आहे.

चौथी पायरी: ‘ऑर’चा शॉर्टकट घेऊ नका

दोन ओळी वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी असं लिहिलेलं दिसतं:

```
दर = दर ऑर नियम.दर
```

दिसायला नीटनेटकं आहे, पण पायथॉनमध्ये ०, रिकामी यादी, रिकामी अक्षरमाला (स्ट्रिंग) आणि फॉल्स हे सगळे ‘नाही’च्या बाजूला मोजले जातात. वाचनालयाने ज्येष्ठ नागरिकांना दंड माफ केला आणि काउंटरवरच्या प्रोग्रॅमने दंड(१०, दर=०) असा कॉल केला, तर ऑर त्या शून्याला ‘दिलंच नाही’ समजतो आणि नियमातला २ लावतो. आजोबांच्या नावावर वीस रुपये चढतात. शून्य हे उत्तर त्यांनी स्पष्टपणे दिलेलं होतं.

यादीच्या बाबतीत याचा परिणाम आणखी विचित्र असतो. कॉल करणाऱ्याने स्वतःची रिकामी यादी दिली, ती भरून मिळेल या अपेक्षेने. ऑर ती बाजूला सारून नवी यादी घेतो, भर त्या नव्या यादीत पडते आणि त्याची यादी रिकामीच राहते. त्याच यादीत आधी एखादं पुस्तक असतं तर सगळं व्यवस्थित चाललं असतं. म्हणून चूक कधी होते, कधी होत नाही, आणि शोधणारा हैराण होतो. ‘इज नन’ पूर्ण लिहा.

पाचवी पायरी: वैकल्पिक गोष्टी नावानेच मागा

हा कॉल वाचून बघा:

```
पावती('सभासद १२', ५००, नन, २, ट्रू, फॉल्स)
```

ट्रू कशासाठी आणि फॉल्स कशासाठी? फंक्शन उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. दोघांची अदलाबदल झाली तरी पायथॉन तक्रार करणार नाही. यावर उपाय म्हणजे पॅरामीटरच्या यादीत एक एकटी फुली:

```
डेफ पावती(नाव, रक्कम, *, तारीख=नन, प्रती=१, छापायची=ट्रू, ईमेल=फॉल्स):
    ...

पावती('सभासद १२', ५००, प्रती=२)
```

फुलीनंतरचे सगळे पॅरामीटर नाव घेऊनच द्यावे लागतात. नाव न घेता दिले तर एरर येते. पायथॉन ३.०पासून हे आहे, आणि माझ्या मते वैकल्पिक पॅरामीटरच्या संदर्भात भाषेने दिलेली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. पायथॉनची स्वतःची फंक्शनंही हे पाळतात. क्रम लावणाऱ्या सॉर्टेडला रिव्हर्स=ट्रू असं नावानेच सांगावं लागतं.

मी पाळतो तो नियम असा: ज्याच्याशिवाय फंक्शनला अर्थच नाही ते फुलीच्या आधी. बाकी सगळं, आणि विशेषतः ट्रू-फॉल्स असलेलं प्रत्येक, फुलीच्या नंतर. याचा फायदा लिहिणाऱ्यालाही होतो. फुलीनंतरच्या पॅरामीटरचा क्रम पुढे कधीही बदलता येतो, कोणाचाही कॉल मोडत नाही.

याच्या उलट सोयही आहे. ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, तिरकी रेघ टाकून तिच्या आधीचे पॅरामीटर नावाने देण्यास मनाई करता येते. पॅरामीटरचं नाव पुढे बदलायचं असेल तेव्हा ती उपयोगी पडते. रोजच्या कामात तिची गरज क्वचित लागते.

सहावी पायरी: ‘दिलं नाही’ आणि ‘रिकामं दिलं’ हे वेगळं करा

सभासदाची माहिती बदलणारं फंक्शन घ्या. फोन दिला नाही तर जुना फोन तसाच राहायला हवा. पण एखाद्या सभासदाला आपला फोन नोंदीतून काढूनच टाकायचा आहे. त्यासाठी फोन=नन असं द्यायला हवं. आता नन हाच डीफॉल्ट ठेवला तर दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. अशा वेळी ‘दिलं नाही’ यासाठी स्वतःची वेगळी खूण बनवायची:

```
न_दिलेले = ऑब्जेक्ट()

डेफ सभासद_बदल(क्रमांक, *, पत्ता=न_दिलेले, फोन=न_दिलेले):
    सभासद = सभासद_शोध(क्रमांक)
    इफ पत्ता इज नॉट न_दिलेले:
        सभासद.पत्ता = पत्ता
    इफ फोन इज नॉट न_दिलेले:
        सभासद.फोन = फोन
```

ऑब्जेक्ट() दर वेळी नवी, दुसऱ्या कशाशीही न जुळणारी वस्तू देतं. बाहेरचा कोणी चुकून ती पाठवेल अशी शक्यता नाही.

पायथॉनच्या आतही हा भेद पाळलेला आहे. डिक्शनरीतून नोंद काढून देणाऱ्या पॉपला तिथे नसलेल्या नोंदीचं नाव दिलं आणि दुसरं काही दिलं नाही, तर एरर येते. दुसऱ्या जागी नन दिलं तर गुपचूप नन मिळतं. आणि पुन्हा व्हीलुकअपकडे बघितलं तर तिथेही हे आहे: चौथी गोष्ट पूर्ण गाळली तर ‘जवळचं चालेल’, पण तिसऱ्यानंतर स्वल्पविराम टाकून पुढे काहीच लिहिलं नाही तर एक्सेल ते शून्य धरतं आणि तंतोतंत शोधतं. एका स्वल्पविरामाने उत्तर बदलतं.

ही पायरी प्रत्येक फंक्शनला लागत नाही. नन हे खरंच एक अर्थपूर्ण उत्तर असेल तेव्हाच लावा, नाहीतर कोड उगाच जड होतो.

इतरांचे डीफॉल्टही वाचा

मराठीत काम करणाऱ्यांसाठी हा भाग वेगळा लिहितो आहे, कारण पायथॉनच्या दोन डीफॉल्टनी देवनागरी मजकुराचं बरंच नुकसान केलेलं आहे.

पहिलं म्हणजे ओपन. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, सांगितलं नाही, तर पायथॉन संगणकाच्या सेटिंगमधलं घेतं. विंडोजवर ते अनेकदा सीपी-१२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपींसाठीचं. मजकूर मात्र यूटीएफ-८मध्ये साठवलेला असतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते. सीपी-१२५२मध्ये पाच बाइटना काही अर्थच दिलेला नाही. ऱ्हस्व उकार, पाय मोडायचं चिन्ह, ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ यांचा शेवटचा बाइट नेमका त्या पाचांत येतो. परिणाम असा की फाइलमध्ये ‘पुणे’ असेल तर उकारापाशी एरर येते, पण ‘सातारा’ किंवा ‘नाशिक’ असेल तर एरर न येता अगम्य चिन्हांची रांग वाचली जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ती चिन्हं तशीच पुढे डेटाबेसमध्ये जाऊन बसतात. म्हणून दर वेळी लिहायचं:

```
फाइल = ओपन('सभासद.टीएक्सटी', एन्कोडिंग='यूटीएफ-८')
```

हा डीफॉल्ट बदलायला पायथॉनला किती सावकाश जावं लागलं तेही बघण्यासारखं आहे. ३.१० या आवृत्तीत, २०२१मध्ये, एन्कोडिंग न सांगणाऱ्यांना इशारा देण्याची ऐच्छिक सोय आली. यूटीएफ-८ हाच डीफॉल्ट करण्याचा निर्णय ३.१५ या आवृत्तीसाठी झाला.

दुसरं म्हणजे माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात लिहून देणारं डम्प्स. त्यात एन्शुअर_आस्की नावाचा पॅरामीटर आहे आणि त्याचा डीफॉल्ट ट्रू आहे. त्यामुळे ‘गाव’ लिहिलं की फाइलमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि संकेतांक दिसतात. माहिती बिघडत नाही, परत वाचली की ‘गाव’च मिळतं. पण माणसाला ती फाइल वाचता येत नाही आणि आकारही वाढतो. एन्शुअर_आस्की=फॉल्स द्या आणि फाइल उघडताना एन्कोडिंगही सांगा.

सातवी पायरी: चालू फंक्शनमध्ये नवा पॅरामीटर घालताना

वाचनालयाने ठरवलं की उशिराच्या दिवसांतून सुट्ट्या वजा करायच्या. दंड हे फंक्शन तोवर पंधरा ठिकाणी वापरात आहे. नवा पॅरामीटर वैकल्पिकच हवा, आणि त्याचा डीफॉल्ट असा हवा की जुन्या कॉलना जुनंच उत्तर मिळेल:

```
डेफ दंड(उशीर, दर=नन, माफी_दिवस=०, *, सुट्ट्या=०):
```

हाच पॅरामीटर दरच्या आधी घुसवला असता तर दंड(१०, ५) मधला ५ हा दर न राहता सुट्ट्यांची संख्या झाला असता. एरर नाही, इशारा नाही, फक्त पन्नासच्या ऐवजी दहा रुपये. म्हणून नवा पॅरामीटर नेहमी शेवटी, शक्यतो फुलीनंतर.

असलेला डीफॉल्ट बदलणं हे याहून गंभीर आहे. प्रतीचा आकडा १वरून २ केला, तर ज्यांनी प्रती कधी लिहिल्याच नाहीत त्या सगळ्यांच्या कागदाचा खर्च दुप्पट होतो, आणि त्यांच्या कोडमध्ये एकही अक्षर बदललेलं नसतं. तुमचं फंक्शन इतर लोक वापरत असतील तर डीफॉल्टमधला बदल हा मोठा बदल समजा, आवृत्तीच्या नोंदीत ठळक लिहा, आणि शक्य असेल तर मधला एक टप्पा इशाऱ्याचा ठेवा.

आठवी पायरी: एका फंक्शनमधून दुसऱ्यात पाठवताना

हिशेब नावाचं फंक्शन आतून दंडला कॉल करतं. बाहेरही माफी_दिवस=० लिहिलं आणि आतही. काही महिन्यांनी कोणी आतला ३ केला, बाहेरचा राहून गेला. आता थेट कॉल केला तर तीन दिवस माफ, हिशेबमार्फत गेलं तर माफी नाही. एकच डीफॉल्ट दोन ठिकाणी लिहू नका. एक तर तो नावाच्या स्थिरांकात ठेवा, नाहीतर बाहेरच्याने नन घ्यावं, तसंच आत पाठवावं आणि खरी किंमत सर्वांत आतल्याने ठरवावी.

दोन फुल्यांचा मार्ग, म्हणजे जे काही नावानिशी येईल ते सगळं गोळा करून पुढे ढकलणं, सोपा वाटतो. ते पुढे खरोखर एखाद्या ठरलेल्या पॅरामीटरच्या फंक्शनकडे जात असेल तर ठीक. पण गोळा केलेल्या डिक्शनरीतून आपणच हवं ते उचलत असू, तर माफी_दिवसऐवजी माफी_दिन लिहिलेलं कोणालाच कळत नाही. ते नाव गोळा होतं आणि पडून राहतं. पॅरामीटर स्पष्ट लिहिलेले असते तर पायथॉनने तिथल्या तिथे नाव चुकल्याचं सांगितलं असतं.

वैकल्पिक पॅरामीटर सात-आठच्या पुढे जाऊ लागले की फंक्शन एकाऐवजी दोन-तीन कामं करतंय का ते बघा. पाच ट्रू-फॉल्स पॅरामीटर म्हणजे ३२ प्रकारची वागणूक, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना कोणी कधीच चालवून बघितलेलं नसतं. छापायची आणि ईमेल हे पावतीतून काढून दोन वेगळी फंक्शनं केली तर पावती फक्त मजकूर तयार करेल, आणि तेच तिचं काम आहे.

दुसऱ्या भाषेत गेलात तर

जावास्क्रिप्टमध्ये २०१५च्या आवृत्तीपासून डीफॉल्ट आहेत आणि ते प्रत्येक कॉलला नव्याने मोजले जातात. त्यामुळे यादीचा आणि तारखेचा सापळा तिथे नाही, शिवाय डावीकडच्या पॅरामीटरचं नाव उजवीकडच्याच्या डीफॉल्टमध्ये वापरता येतं. पण तिथला सापळा वेगळा आहे: अनडिफाइन्ड आलं तर डीफॉल्ट लागतो, नल आलं तर लागत नाही. सर्व्हरकडून आलेल्या माहितीत नल भरपूर असतात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

सी-शार्पमध्ये ही सोय २०१०मध्ये चौथ्या आवृत्तीत आली. तिथे डीफॉल्ट हा कंपाइलच्या वेळी ठरणारा स्थिरांक लागतो, आणि तो कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये कोरला जातो. लायब्ररीत, म्हणजे इतरांनी वापरायच्या तुमच्या कोडमध्ये, तुम्ही २चा ५ केला तरी आधी कंपाइल झालेले प्रोग्रॅम २च पाठवत राहतात, ते पुन्हा कंपाइल होईपर्यंत.

पीएचपीमध्ये डीफॉल्ट पूर्वीपासून आहेत, पण नावाने देण्याची सोय ८.० या आवृत्तीत, २०२०मध्ये आली. जावामध्ये डीफॉल्टच नाहीत. तिथे एकाच नावाची, वेगवेगळ्या संख्येचे पॅरामीटर घेणारी फंक्शनं लिहितात आणि छोटं मोठ्याला कॉल करतं. गो या भाषेत हेही नाही. तिथे सहसा पर्यायांचा एक स्ट्रक्ट (नावं दिलेल्या किमतींचा गट) करून तो पाठवतात.

शेवटी टेस्ट

वैकल्पिक पॅरामीटर असलेल्या फंक्शनच्या टेस्ट लिहिताना तीन गोष्टी तपासा: काहीच न देता काय होतं, शून्य किंवा रिकामं दिलं तर काय होतं, आणि लागोपाठ दोनदा कॉल केलं तर दुसऱ्या उत्तरात पहिल्याचं काही उतरतं का. नियम.दर २ असताना:

```
असर्ट दंड(१०) == २०
असर्ट दंड(१०, दर=०) == ०
असर्ट दंड(१०, ५) == ५०
असर्ट दंड(१०, सुट्ट्या=४) == १२

पुस्तक_द्या('भूगोल')
असर्ट पुस्तक_द्या('गणित') == ['गणित']

माझी = []
पुस्तक_द्या('इतिहास', माझी)
असर्ट माझी == ['इतिहास']
```

दुसरी ओळ ऑरचा शॉर्टकट पकडते, तिसरी मध्येच घुसवलेला पॅरामीटर. पुढची जोडी सगळ्यांत वाटली गेलेली यादी उघडी पाडते, आणि शेवटच्या तीन ओळी कॉल करणाऱ्याची रिकामी यादी बाजूला सारली गेली तर ओरडतात. फंक्शनची पहिली ओळ बदलायची वेळ आली की आधी या टेस्ट चालवा, मग बदल करा, मग पुन्हा चालवा.